शेतकरी उत्पादक कंपनीचे व्यवस्थापन व विपणन : वाराणसीच्या भाजीपाला पट्ट्यातून मिळणारा बोध

डिसेंबर २०१९ मध्ये वाराणसीहून ताज्या भाजीपाल्याचा १४ टनांचा एक शीत कंटेनर सागरी मार्गाने दुबईला जाण्यासाठी रवाना झाला. कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाच्या, म्हणजेच अपेडाच्या पुढाकाराने झालेला हा प्राथमिक प्रयोग होता. कंटेनरमधील भाजीपाला एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याचा नव्हता. तो गाझीपूर व वाराणसी परिसरातील शेतकरी उत्पादक संघांकडून गोळा करण्यात आला होता.

वाराणसीला बंदर नाही. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे तेथून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहेत. गंगेच्या गाळाच्या सुपीक जमिनीत भाजीपाला भरपूर पिकतो; परंतु त्याची विक्री प्रामुख्याने पहाडिया आणि राजातालाब येथील बाजारांत, त्या दिवशी जो भाव निघेल त्या भावाने होत आली. गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलू लागले. राजातालाब येथे २०१८ मध्ये नाशवंत मालासाठी साठवण केंद्र सुरू झाले, करखियाँव येथे निर्यातीच्या दृष्टीने एकात्मिक पॅकहाउस उभे राहिले आणि बाबतपूर विमानतळावरून आखाती देशांकडे भाजीपाला व फळे जाऊ लागली. याच शहराजवळ भारतीय भाजीपाला संशोधन संस्था कार्यरत असल्याने वाण व पीक संरक्षण यांविषयीचे तांत्रिक ज्ञानही हाताशी होते.

सुविधा, वाण आणि बाजार या तीनही गोष्टी उपलब्ध झाल्यानंतरही काही लहान कंपन्या टिकतात व काही दोन-तीन हंगामांत थंडावतात. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार महाराष्ट्रातील उत्पादक कंपन्यांनाही उपयुक्त ठरेल. भाजीपाला विकणाऱ्या लहान कंपनीचे विपणन पॅकहाउसमध्ये किंवा खरेदीदाराच्या कार्यालयात सुरू होत नाही. ते सदस्याच्या शेतात, फवारणी पंप भरला जातो त्या क्षणी सुरू होते. कंपनीचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः त्या क्षणाचे व्यवस्थापन होय.

एका सदस्याची चूक आणि सर्वांचा माल

मंडीत प्रत्येक शेतकऱ्याची पाटी वेगळी असते. एकाचा माल खराब निघाला तर नुकसान त्याचेच होते. कंपनीत मात्र अनेकांचा माल एकत्र येतो, एका नावाने पॅक होतो आणि एका प्रमाणपत्रावर जातो. त्यामुळे जोखीमही एकत्र येते. ही बाब संचालक मंडळाच्या लक्षात सहसा उशिरा येते.

एक साधे गणित पाहता येईल. एका कंटेनरसाठी ४० सदस्यांनी माल दिला, असे समजू. प्रत्येक सदस्याचा माल कीडनाशक अवशेषांच्या दृष्टीने निर्दोष असण्याची शक्यता ९८ टक्के आहे, असेही धरू. ९८ टक्के हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु चाळीसही जणांचा माल एकाच वेळी निर्दोष असण्याची शक्यता केवळ ४५ टक्के भरते. म्हणजेच निम्म्याहून अधिक कंटेनरांत कोणा ना कोणाचा सदोष माल असणार. हीच वैयक्तिक खात्री ९९.५ टक्क्यांपर्यंत नेली, तर चाळीस जणांची एकत्रित शक्यता ८२ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. सदोष माल प्रत्येक वेळी प्रयोगशाळेच्या नमुन्यात सापडेलच असे नाही. परंतु नशिबावर विसंबून कंपनी चालविता येत नाही.

अवशेषांची मर्यादा किती सूक्ष्म असते, हेही समजून घेणे आवश्यक आहे. ज्या कीडनाशकासाठी युरोपीय संघाने स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही, त्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. या हिशेबाने १४ टनांच्या संपूर्ण कंटेनरमध्ये त्या रसायनाचा अंश ०.१४ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. भारतीय भेंडी व मिरची या दोन्ही भाज्या कीडनाशक अवशेषांच्या कारणावरून युरोपीय संघाच्या वाढीव तपासणीच्या यादीत आलेल्या आहेत. अशा स्थितीत ‘आमच्याकडे फवारणी कमीच असते’ हे सदस्याचे तोंडी आश्वासन पुरेसे ठरत नाही.

द्राक्ष, आंबा आणि मिरची : मागील धडे

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी हा धडा २०१० मध्ये मोठी किंमत देऊन घेतला. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळले. वेलीची शाखीय वाढ रोखण्यासाठी हे रसायन वापरले जात होते. मात्र निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत तेव्हा त्याचा समावेश नव्हता. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले, खरेदीदारांनी माल नाकारला आणि नाशिकच्या अनेक निर्यातदारांना मोठा तोटा सहन करावा लागला. विलास शिंदे हे त्यांपैकी एक होते. त्या काळातच दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनीची उभारणी झाली. शेतातील प्रत्येक निविष्ठेच्या नोंदीपासून पॅकिंगपर्यंतची साखळी शेतकऱ्यांच्याच कंपनीच्या हाती असावी, ही दिशा तिने स्वीकारली. द्राक्षासाठी अपेडाची ग्रेपनेट ही मागोवा प्रणाली २००६ पासून अस्तित्वात होती. २०१० नंतर तपासणीची यादी व्यापक झाली आणि प्रणाली असणे व ती परिपूर्ण असणे यांतील अंतर सर्वांच्या लक्षात आले.

दुसरे उदाहरण किडीचे आहे. २०१३ मध्ये युरोपीय संघात पोहोचलेल्या भारतीय फळे व भाज्यांच्या २०७ मालखेपांत फळमाशी व अन्य किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारले, पडवळ व अळू यांच्या आयातीवर तेथे बंदी आली. हापूसच्या ऐन हंगामात बाजार बंद झाला. उष्णजल प्रक्रियेसारख्या उपायांची हमी दिल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. भाज्यांना त्याहून अधिक काळ वाट पाहावी लागली. त्याच सुमारास, मे २०१४ मध्ये, सौदी अरेबियाने अवशेषांच्या कारणावरून भारतीय हिरव्या मिरचीची आयात थांबविली. आखाती बाजार सैल असतो, हा समज त्या वेळी खोटा ठरला.

या तिन्ही प्रसंगांत ज्यांनी काळजी घेतली होती, त्यांचेही नुकसान झाले. लहान कंपनीला संपूर्ण देशाची शिस्त राखता येत नाही. आपल्या सदस्यांची मात्र राखता येते. संकटकाळी खरेदीदार ज्यांची कागदपत्रे पूर्ण आहेत, अशाच पुरवठादारांकडे प्रथम परततो.

कायद्याची चौकट आणि तिचा व्यवहारातील अर्थ

प्रा. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. आज ती २०१३ च्या कंपनी कायद्यात समाविष्ट आहे. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. संचालकांची संख्या पाच ते पंधरा असते आणि वैयक्तिक सदस्याकडे कितीही समभाग असले तरी त्याला एकच मत असते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघांच्या केंद्रीय योजनेत मैदानी भागासाठी किमान ३०० सदस्यांची अट ठेवण्यात आली.

या कायद्यातील तीन तरतुदींचा व्यवहारात पुरेसा उपयोग करून घेतला जात नाही.

पहिली तरतूद मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याविषयी आहे. हा अधिकारी पूर्णवेळ असावा आणि तो सदस्यांपैकी नसावा, असे कायदा सांगतो. यामागील हेतू स्पष्ट आहे. प्रतवारीच्या टेबलावर संचालकाच्या भावाचा माल आला, तर तो नाकारण्याचे धैर्य गावातील नातेसंबंधांबाहेरच्या व्यक्तीलाच अधिक सहजतेने दाखविता येते. अनेक कंपन्यांत अधिकारी कागदोपत्री असतो व खरेदी अध्यक्षच करतात. अशा ठिकाणी प्रतवारी हळूहळू सैल होते आणि चांगला माल पिकविणारे सदस्य प्रथम बाहेर पडतात. क्रेटवर नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक लावणे हा साधा उपाय या बाबतीत उपयुक्त ठरतो.

दुसरी तरतूद राखीव मूल्याची आहे. सदस्याने दिलेल्या मालाचे संपूर्ण मूल्य लगेच न देता त्याचा काही भाग राखून ठेवण्याची व तो नंतर रोख, वस्तुरूपाने किंवा समभागांच्या रूपाने देण्याची मुभा कंपनीला आहे. खरेदीदाराकडून तपासणी अहवाल व रक्कम येईपर्यंत हा भाग राखला, तर सदस्यालाही आपल्या मालाच्या अंतिम निकालात रस राहतो.

तिसरी तरतूद व्यवहाराच्या प्रमाणात मिळणाऱ्या बोनसची आहे. समभागांवरील परतावा मर्यादित ठेवून शिल्लक रक्कम ज्याने कंपनीला अधिक माल दिला त्याला अधिक, या तत्त्वाने वाटता येते. मंडीत भाव वाढला की माल बाहेर विकण्याची प्रवृत्ती रोखण्यासाठी नैतिक आवाहनापेक्षा ही तरतूद अधिक परिणामकारक आहे.

कीड व्यवस्थापन : कंपनीचे पहिले काम

कीड शेताची हद्द पाळत नाही. त्यामुळे काही उपाय एकट्या शेतकऱ्याने केले तर वाया जातात आणि लगतच्या अनेकांनी मिळून केले तर यशस्वी होतात. उत्पादक कंपनीचा सर्वांत मोठा, तरीही दुर्लक्षित राहिलेला लाभ हाच आहे.

वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी हे याचे ठळक उदाहरण आहे. रामनगरचे मोठे गोल वांगे, म्हणजे तेथील ‘भंटा’, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून प्रसिद्धीस आले. परंतु ही कीड त्यालाही सोडत नाही. अंड्यातून बाहेर पडलेली अळी अल्पावधीतच शेंड्यात किंवा फळात शिरते. त्यानंतर फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा फवारतो आणि अवशेष वाढत जातात. कामगंध सापळ्यांत नर पतंग पकडले जातात. एकरी सुमारे ४० सापळे लावूनही शेजारच्या उपद्रवग्रस्त शेतातून मिलन झालेल्या माद्या उडून आल्या, तर सापळ्यांचा परिणाम घटतो. सलग क्षेत्रात सापळे, दर आठवड्याला सुकलेले शेंडे अळीसह खुडून नष्ट करणे आणि जुन्या पिकाचे अवशेष वेळेवर काढणे, हे सर्व शिवारभर एकाच वेळी झाले पाहिजे. म्हणून निर्यातक्षम भाजीपाल्यासाठी सदस्य निवडताना यादीतील नावांपेक्षा शिवाराच्या सलगतेला महत्त्व द्यावे. दहा गावांत विखुरलेल्या शंभर सदस्यांपेक्षा एका शिवारातील चाळीस सदस्य कंपनीला अधिक भरवशाचा माल देतात.

भेंडीत अडचण वेगळी आहे. भेंडीची तोडणी एक दिवसाआड करावी लागते. एखाद्या कीडनाशकाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाच दिवसांचा असेल, तर फवारणीनंतरच्या किमान दोन तोडण्या विक्रीस अयोग्य ठरतात. हा माल निर्यातीस चालत नाही, तसाच तो स्थानिक ग्राहकालाही विकता कामा नये. त्यामुळे फळे लागण्यापूर्वीच तुडतुडे, पांढरी माशी व फळ पोखरणाऱ्या अळीचे नियोजन करणे आणि तोडणी सुरू झाल्यावर निंबोळी अर्क, जैविक घटक किंवा अल्प प्रतीक्षा कालावधी असलेली लेबल क्लेमप्राप्त कीडनाशकेच वापरणे हा मार्ग उरतो. फवारणीचे वेळापत्रक तोडणीच्या वेळापत्रकाशी जोडून लिहावे लागते. हे काम सदस्याच्या स्मरणशक्तीवर सोपविणे धोक्याचे आहे.

मिरचीत निदानाची चूक महागात पडते. पाने वरच्या बाजूस वळली असतील तर बहुधा फुलकिड्यांचा, खालच्या बाजूस वळली असतील तर कोळ्यांचा प्रादुर्भाव असतो. कोळी असताना कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारले, तर मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतात. प्रत्येक सदस्य कृषी सेवा केंद्रात जाऊन वेगवेगळे औषध आणणार असेल, तर कंपनीच्या मालात किती रसायनांचे अंश असतील हे कोणालाच सांगता येणार नाही. याकरिता कंपनीने दोन-तीन प्रशिक्षित कीड सर्वेक्षक नेमून आठवड्यातून दोनदा पाहणी करावी व त्यांच्या लेखी शिफारशीशिवाय फवारणी होऊ नये, असा दंडक ठेवावा.

येथे हितसंबंधांचा एक प्रश्न उद्भवतो. पुष्कळ उत्पादक कंपन्या पहिले उत्पन्न म्हणून निविष्ठा विक्री केंद्र उघडतात. केंद्राचा नफा कीडनाशकांच्या विक्रीवर अवलंबून असेल, तर तीच कंपनी सदस्यांना फवारणी कमी करण्यास कशी सांगणार? हे केंद्र चालवायचेच असेल, तर केवळ कंपनीच्या मान्य यादीतील कीडनाशके, सापळे व जैविक घटक ठेवावेत आणि सर्वेक्षकाचे वेतन विक्रीच्या टक्केवारीशी जोडू नये.

खेळते भांडवल : यशातच दडलेली अडचण

कंपनी बंद पडण्याचे कारण नेहमी तोटा हेच असते, असे नाही. मागणी वाढत असतानाही रोख रकमेअभावी काम थांबते.

उदाहरणादाखल, कंपनी प्रत्येक फेरीस ५ टन मिरची किलोला २५ रुपये दराने खरेदी करते, असे मानू. एका फेरीला १ लाख २५ हजार रुपये लागतात. आठवड्याला तीन फेऱ्या झाल्या आणि खरेदीदाराने ३० दिवसांनी रक्कम दिली, तर पहिली रक्कम येईपर्यंत सुमारे १३ फेऱ्या झालेल्या असतील व १६ लाख २५ हजार रुपये बाहेर अडकलेले असतील. ३०० सदस्यांनी प्रत्येकी २,००० रुपये भागभांडवल दिले आणि केंद्रीय योजनेतून तेवढेच समभाग अनुदान मिळाले, तरी एकूण रक्कम १२ लाख रुपये होते. वाहतूक, क्रेट, मजुरी व वेतन यांचा हिशेब अद्याप धरलेलाच नाही.

यावर तीन उपाय संभवतात. सदस्याला तोडणीच्या दिवशी ठरावीक आगाऊ रक्कम द्यावी आणि उर्वरित रक्कम राखीव मूल्य म्हणून ठेवावी. आगाऊ रक्कम देणाऱ्या किंवा आठ-दहा दिवसांत हिशेब पूर्ण करणाऱ्या खरेदीदाराला थोड्या कमी भावातही प्राधान्य द्यावे. बँकेकडे कर्जासाठी जाताना खरेदी करार व मागील हंगामाची नोंदवही सोबत न्यावी. योजनेतील पतहमीची सुविधा असली, तरी बँक व्यवहाराची शिस्तच पाहते.

कंपनी मोठी झाल्यावर भांडवलाचा आणखी एक प्रश्न येतो. उत्पादक कंपनीचे समभाग उत्पादकांखेरीज इतरांना देता येत नाहीत. सह्याद्रीने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभारले, ते उपकंपनीच्या माध्यमातून. लहान कंपनीने हे प्रारूप आरंभीच उचलण्याचे कारण नाही. परंतु शेतकऱ्यांची मालकी व बाहेरील भांडवल यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था असते, हे ज्ञात असावे.

विपणन : खरेदीदाराला नेमके काय विकायचे?

लहान कंपनी भावाच्या स्पर्धेत मोठ्या व्यापाऱ्याला हरवू शकत नाही. त्याच्याकडे वाहने, रोख रक्कम आणि अनेक बाजारांची माहिती असते. कंपनीकडे मात्र एक गोष्ट अशी आहे, जी मंडीतून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला देता येत नाही : प्रत्येक क्रेटमागचे शेत, लागवडीची तारीख, वाण आणि फवारणीचा इतिहास. हेच कंपनीचे विक्रीयोग्य वैशिष्ट्य होय. खरेदीदाराशी पहिल्या भेटीत छापील माहितीपत्रकाऐवजी दोन हंगामांची नोंदवही व अवशेष तपासणीचे अहवाल दाखविणे अधिक प्रभावी ठरते.

भौगोलिक मानांकनाचा विचारही याच दृष्टीने करावा. २०२३ मध्ये बनारसी लंगडा आंबा व रामनगर भंटा यांना मानांकन मिळाले. मानांकन हे एका कंपनीचे व्यापारचिन्ह नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा सामायिक अधिकार आहे. ते वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यानंतरही मानांकन केवळ उगमाची ग्वाही देते. फळ कीडमुक्त असल्याची ग्वाही कंपनीलाच द्यावी लागते. हापूस, सांगोल्याचे डाळिंब किंवा जळगावचे भरीत वांगे विकणाऱ्या कंपन्यांनाही हे तितकेच लागू आहे.

सदस्यांशी भावाविषयी बोलताना स्पष्टता राखावी. समजा, १०० किलो भेंडीपैकी ६० किलो निर्यातीस पात्र ठरली व तिला ४० रुपये भाव मिळाला. ३० किलो स्थानिक बाजारात १८ रुपयांनी गेली. १० किलो टाकाऊ ठरली. एकूण २,९४० रुपये आले. प्रतवारी, पॅकिंग, वाहतूक व कार्यालयीन खर्च किलोमागे ६ रुपये धरल्यास २,३४० रुपये उरतात, म्हणजे सदस्याला किलोमागे २३ रुपये ४० पैसे पडतात. मंडीच्या १८ रुपयांपेक्षा हा भाव चांगला आहे. परंतु सभेत केवळ ‘चाळीस रुपये’ सांगितले गेले असेल, तर २३ रुपये ४० पैसे हाती पडलेल्या सदस्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. अविश्वासाची सुरुवात बहुतेक वेळा अशा अर्धवट सांगितलेल्या आकड्यांतून होते. प्रत्येक फेरीचा हा हिशेब फलकावर लावणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे.

विपणनाची पुढील पावले क्रमाने टाकावीत :

- पहिल्या दोन हंगामांत स्वतः निर्यात न करता अनुभवी निर्यातदाराला माल पुरवावा. प्रतवारी, पॅकिंग आणि नकाराची कारणे शिकण्याचा हा काळ समजावा.
- त्यानंतर आयात-निर्यात संकेतांक व अपेडाची नोंदणी घ्यावी. प्रत्येक मालखेपेसाठी वनस्पती संगरोध यंत्रणेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, याची वेळापत्रकात तरतूद ठेवावी.
- कोणत्याही एका खरेदीदाराकडे निम्म्याहून अधिक माल जाऊ देऊ नये. दूरच्या बाजारासोबत स्थानिक हॉटेले, शहरातील किरकोळ साखळी व मंडी हे मार्ग खुले ठेवावेत. निर्यातीतून बाजूला पडलेला चांगला माल तेथेच जाणार असतो.
- माल व मार्ग यांचा मेळ घालावा. भेंडी फार दिवस टिकत नाही व ७ अंश सेल्सिअसखाली तिला थंडीची इजा होते. तिला जलद मार्ग हवा. मिरची योग्य थंडाव्यात दोन ते तीन आठवडे टिकू शकते, म्हणून सागरी मार्गासाठी ती अधिक सोयीची आहे.
- समूह प्रमाणीकरण घेतल्यास खर्च विभागला जातो. मात्र एका सदस्याची गंभीर त्रुटी संपूर्ण गटाच्या प्रमाणपत्राला बाधक ठरू शकते. म्हणून बाह्य तपासणीपूर्वी प्रत्येक सदस्याची अंतर्गत तपासणी पूर्ण करावी.
- तक्रार आल्यास २४ तासांत उत्तर द्यावे आणि क्रेटच्या क्रमांकावरून शेतापर्यंतचा मागोवा काढून दाखवावा. तक्रारीला मिळालेले तत्पर व पुराव्यासह उत्तर खरेदीदाराच्या लक्षात राहते.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

कृषी विभाग, आत्मा व कृषी विज्ञान केंद्रांतील कार्यकर्ते कंपनीच्या नोंदणीसाठी मोठे साहाय्य करतात. पुढील टप्प्यात त्यांच्याकडून अपेक्षित साहाय्य निराळे आहे. फवारणी नोंदवहीचा नमुना सोपा करणे, सर्वेक्षकांना कीड ओळखण्याचे प्रात्यक्षिक देणे, मान्य कीडनाशकांची यादी प्रत्येक हंगामापूर्वी तपासणे आणि तोडणीपूर्वी नमुने प्रयोगशाळेत पोहोचतील याकडे लक्ष पुरविणे, ही कामे कंपनीला एकटीला झेपत नाहीत. २०१० च्या अनुभवाने दाखवून दिल्याप्रमाणे आयातदार देशांच्या याद्या बदलतात. गतवर्षीची यादी यंदा वापरणे हा धोका असतो.

नोंदवही हंगामाच्या अखेरीस एका बैठकीत भरून काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. अशी नोंदवही तपासनीसाला क्वचितच फसवते. तिची तारीखवार शाई व अक्षर एकसारखे असते. ती कंपनीला मात्र निश्चित फसवते, कारण चूक कोठे झाली हे शोधण्याचे एकमेव साधन तिने गमावलेले असते. फवारणी झाली त्याच सायंकाळी नोंद झाली पाहिजे. त्यासाठी भ्रमणध्वनीवरील छायाचित्रही पुरते.

सारांश

वाराणसीच्या भाजीपाला पट्ट्याने हे दाखविले आहे की बंदरापासून दूर असणे ही लहान कंपनीसाठी अंतिम अडचण नाही. रस्ता, शीतगृह आणि विमान यांची सोय शासन करू शकते. चाळीस सदस्यांनी एकाच शिस्तीने फवारणी करावी, ही सोय मात्र कंपनीलाच करावी लागते. पुढील हंगामाचे नियोजन करणाऱ्या संचालक मंडळाने बैठकीत खरेदीदारांच्या यादीआधी एक प्रश्न घ्यावा : आज कंपनीच्या कोणत्याही सदस्याच्या क्रेटमधील एक भेंडी उचलली, तर ती कोणत्या शेतातील आहे आणि तिच्यावर शेवटची फवारणी कोणत्या दिवशी, कशाची झाली, हे दहा मिनिटांत सांगता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर विपणनाचे अर्धे काम झालेले आहे. ते नकारार्थी असेल, तर नव्या बाजाराचा शोध थांबवून प्रथम नोंदवही हाती घ्यावी.